आधी पंखे आणि स्लॅब, मग सोलर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय निघाला की बोलणे थेट ७८,००० रुपयांच्या अनुदानावर येऊन ठेपते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतला हा आकडा खरा आहे, पण तो ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. त्यापुढे काहीही नाही. महिन्याला १५० युनिटच्या आत वापर असलेल्या घराने केवळ पूर्ण अनुदान पदरात पडावे म्हणून ३ किलोवॉट बसवणे मला पटत नाही, कारण उरलेला खर्च आपल्याच खिशातून जातो आणि आपल्या वापरापेक्षा जास्त तयार होऊन लाईनला गेलेल्या आणि आर्थिक वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटचा मोबदला आपण वीज घेतो त्या दरापेक्षा कमी असतो.

म्हणून आम्ही आधी वापर कमी करायला घेतला. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. असे तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला सुमारे ४८ युनिट वाचतात. एक किलोवॉटचा संच महिन्याला १२० युनिटच्या जवळपास वीज देतो, हे लक्षात घेतले तर १६० युनिटच्या घराला पंखे बदलल्यावर दोनऐवजी एका किलोवॉटमध्ये भागवता येते. स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिल्याने मे महिन्यातल्या रात्रीही खालची खोली कमी तापते. पावसात तो धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी द्यावा लागतो, पण खर्च किरकोळ आहे. कूलरच्या बाबतीत मात्र आपल्याकडे बहुतेक घरांत दारे-खिडक्या घट्ट लावून तो चालवतात. समोरची खिडकी थोडी उघडी नसेल तर दमट हवा खोलीतच कोंडते आणि वीज फुकट जाते.

सोलर घेणाऱ्यांपैकी अनेकांना शेवटपर्यंत कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे: लाईन गेली की ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेला, संचही बंद पडतो, मग बाहेर रखरखीत ऊन का असेना. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून संचातला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारे यंत्र) तशाच पद्धतीने बनवलेला असतो. ज्या गावात भरदुपारी वीज जाते, तिथे ‘आता लाईन गेली तरी पंखा चालेल’ या आशेने पैसे घालणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. त्यासाठी बॅटरीचा हायब्रिड संच लागतो, तो महाग पडतो आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळे अनुदान नाही. दुसरे असे की, पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. ४५ अंशांच्या दुपारी पॅनेल तापून त्याचे उत्पादन घटते, त्यामुळे उत्पादनाचा अंदाज विक्रेत्याच्या कागदावरून न बांधता थोडा हात राखूनच बांधावा.

कागदपत्रांत खरी अडचण वीजबिलावरच्या नावाची येते. खेड्यात बऱ्याचदा बिल अजूनही वारलेल्या आजोबांच्या नावावर येते. अर्जदार आणि वीजग्राहक एकच असायला हवा, तेव्हा महावितरणकडे नावबदलाचा अर्ज आधी करावा. १० किलोवॉटपर्यंतच्या संचाला वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अहवाल (तिथे संच जोडता येईल की नाही याची तपासणी) लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. विक्रेता योजनेच्या पोर्टलवरील यादीतलाच निवडावा आणि पॅनेल भारतीय बनावटीचे असल्याची खात्री करावी, नाहीतर अनुदान मिळत नाही. अनुदान संच सुरू होऊन नेट मीटर (घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज दोन्ही मोजणारे) लागल्यानंतरच आपल्या खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीची रक्कम हाताशी हवी किंवा सरकारी बँकेचे विनातारण कर्ज घ्यावे. आमच्यासारख्या कापूसवाल्यांनी तरी माल विकल्यावर, पण उन्हाळा लागायच्या आत, अर्ज करणे सोयीचे जाते.