पाहुणी माती

गोव्यात घर बांधताना जांभ्याचं कोण कौतुक! भिंती चिऱ्यांच्या, गडग्याला चिरे, पायऱ्यासुद्धा चिऱ्यांच्याच. हे कौतुक ओसरतं ते परसात भाजी लावायची म्हणून पहिला पिकाव मारल्यावर. वीतभर लाल माती लागते आणि मग ठण्ण! लगेच टिप्परवाल्याला फोन जातो, 'चांगली माती पाठव.' चांगली म्हणजे कुठली, ते मात्र कुणी विचारत नाही.

विचारावं, आणि गाडी रिकामी होण्याआधी मूठभर माती हातात घ्यावी. भिजवूनही गोळा होत नसेल, नुसती खडी टोचत असेल, तर तो मुरूम. भरावाला उत्तम, भाजीला निकामी. काळपट, कुजकट वासाची आणि वाळली की पांढरी साय धरणारी माती खाजनातली, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या शेतातली, किंवा खाडीकाठची असते. तिच्यात मीठ असतंच, शिवाय हवा लागली की तिचा आंबटपणा वाढत जातो. तरीही शंका उरली तर नमुना आधी आणून कुंडीत भरावा आणि दहा अळसांदे (चवळीचे दाणे) टोचावेत. आठवड्यात सात-आठ धड उगवले, पानांच्या कडा करपल्या नाहीत, की गाडी बोलवावी.

हिशेब सोपा आहे. दहा फूट लांब, चार फूट रुंद, फूटभर उंच वाफा म्हणजे 40 घनफूट. सैल माती बसते, म्हणून 50 धरावी. एका ब्रासमध्ये, म्हणजे 100 घनफुटांत, असे दोन वाफे होतात. चार फुटांपेक्षा रुंदी वाढवू नये. मधल्या रोपापर्यंत हात पोचला नाही की माणूस वाफ्यात पाय ठेवतो आणि सगळी भुसभुशीत मेहनत तुडवली जाते.

खरी गोम मात्र सांध्यात आहे. कडक जमिनीवर नवी माती नुसती ओतली तर दोन्हींचं सूत जुळत नाही. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पाणी वरच्या मऊ थरातून झरझर उतरतं आणि खालच्या कडक थरावर थबकतं. वरून वाफा छान दिसतो आणि जुलैत रोपं पिवळी पडतात. आपण खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतो! उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. म्हणून गवत काढून खालची जमीन सहा ते नऊ इंच खणावी, ढेकळं तशीच राहू द्यावीत. नव्या मातीचा पहिला तीन इंचांचा थर जुन्या मातीत कालवावा आणि मगच उरलेली भरावी. खाली सलग कातळच असेल तर वाफा दीड फूट उंच करावा. कडेचे चिरे सिमेंटने सांधू नयेत, फटींतून पाणी निघू द्यावं.

हे सगळं एप्रिल-मे महिन्यात, माती कोरडी असताना. ओली माती फावड्याने थापली की वाळून तिची वीट होते. इथली माती बहुधा आंबट असते. तपासणीत तसं आलं तर याच वेळी वाफ्याला पाऊण किलो शेतीचा चुना द्यावा. शेणखत आत्ता नको. चुन्याच्या संगतीत त्यातला नत्र वायू होऊन उडतो आणि जो उरतो तो पाऊस धुऊन नेतो.

भरलेला वाफा भिजवून दोन-तीन आठवडे रिकामा ठेवावा. परक्या मातीबरोबर लव्हाळा फुकट येतो. नुसतं पातं ओढलं तर खालची गाठ दुप्पट जोमाने फुटते, म्हणून खुरप्याने गाठीसकट काढायचा. मग ताग पेरावा किंवा झावळ्या अंथराव्यात आणि पाऊस वाफ्याच्या अंगावर घ्यावा.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की ताग कापून मातीत गाडावा. तीन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत या मापाने वरच्या सहा इंचांत मिसळावं आणि पंधरा दिवस थांबावं. पहिल्या हंगामात तांबडी भाजी, मुळा, अळसांदे. मिरची-वांग्याचा हट्ट पुढच्या वर्षी. तोवर वाफा दोनेक इंच खचलेला असतो. ती भर घालायला उरलेली माती ताडपत्रीखाली झाकून ठेवावी, नाहीतर पहिल्या पावसात ती शेजाऱ्याच्या गटारात जाते आणि वर त्याची बोलणीही खावी लागतात.