रोनाल्डोचं पाणी आणि शाळेतली कडी

सोमवार, रात्री

आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा तास बहुतेक वेळा कुणीतरी मागून नेतं. कधी गणितवाले, कधी स्कॉलरशिपवाले. या आठवड्यात तो कुणालाही द्यायचा नाही असं ठरवलं आणि स्टाफरूममध्ये तसं सांगूनही टाकलं. सातवीला दिनचर्या शिकवायची आहे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ फळ्यावर लिहिलं की मागचे तीन बाक खिडकीबाहेर बघायला लागतात. त्या ओळीत खोट काहीच नाही, पण ती त्यांच्या आजोबांची आहे. यांचे देव वेगळे. निम्म्या दप्तरांवर रोनाल्डो आणि मेस्सीच्या जर्सीचे 7 आणि 10 हे आकडे पेनाने गिरवून गिरवून जाड केलेले आहेत.

म्हणून आज फळ्यावर दोन रकाने आखले. ‘खेळाडूचा दिवस’ आणि ‘माझा दिवस’.

सुरुवात केली लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबपासून. 1996 साली आर्सेन वेंगर तिथे मॅनेजर म्हणून आले ते जपानमधल्या क्लबातून. आल्या आल्या त्यांनी खेळाडूंचं खाणं बदललं, चॉकलेटं बंद केली. मग बसमध्ये हे दांडगे गडी एका सुरात ओरडायला लागले, ‘आमचे मार्स बार परत द्या!’ वर्ग जो हसला, की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या. पुढच्याच, म्हणजे 1997-98 च्या हंगामात त्याच संघाने इंग्लंडची प्रीमियर लीग आणि एफए कप या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, हे सांगितलं तेव्हा मात्र हसणं थांबलं होतं.

मग मेस्सी. 2018 च्या एका मुलाखतीत त्याने स्वतःच सांगितलंय की तो कितीतरी वर्षं वाईट खायचा. चॉकलेटं, गोड बिस्किटं, कोल्ड्रिंक. सामन्यात उलट्या व्हायच्या त्याचं कारण तो त्या खाण्यातच शोधतो. नंतर मासे, मांस, भाज्या, सॅलड यांवर आला. हे ऐकून एक मुलगी म्हणाली, “म्हणजे मॅडम, मेस्सीलापण सांगायलाच लागलं.” हो गं बाई, लागलं.

तेवढ्यात आमच्या गोलकीपरने हात वर केला. हा मुलगा वर्गात कमी आणि आकडेवारीत जास्त असतो. “पण मॅडम, जेमी वार्डी मॅचच्या आधी रेड बुल प्यायचा. आदल्या रात्री दारूपण. तरी 2016 ला त्याचा लेस्टर क्लब चॅम्पियन!”

मला हा प्रश्न फार आवडला. आणि खरं आहे, वार्डीने आपल्या आत्मचरित्रात ते लिहिलंय. नाही म्हणून कसं चालेल? मी एवढंच म्हटलं, “वार्डी प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हा 27 वर्षांचा होता. त्याआधी कारखान्यात काम करून खालच्या खालच्या लीगमध्ये खेळत होता. तुला तेवढं थांबायचंय का?” आणि गृहपाठ दिला: दुकानात जाऊन कुठल्याही एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचून यायचं. विकत घ्यायचं नाही, फक्त वाचायचं.

‘माझा दिवस’ मुलांनी खरा लिहिला. खोटं लिहायचं त्यांना सुचलंच नाही, कारण त्यांना त्यात वावगं काही वाटतच नाही. झोप: बारा, साडेबारा. उठणं: सहा. नाश्ता: चहा-बिस्कीट, चहा-चपाती, ‘काय नाय’. या तिघांत चहा-चपाती मला सगळ्यात बरी वाटते. निदान चपाती तरी पोटात जाते. आज लोहाच्या निळ्या गोळीचा वार होता आणि नेहमीप्रमाणे चार मुली पोट धरून बसल्या. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. यांच्या पोटात सकाळपासून अर्धा कप चहा.

मंगळवार

गोलकीपर वाचून आला. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी योग्य नाही, असं डब्यावर लिहिलेलं असतं, हे त्याने अख्ख्या वर्गाला ठणकावून सांगितलं. ‘स्तनदा’वर मागे खुसखुस झाली, तर तोच खवळला. आता तो याच मोहिमेवर निघालाय. बाकी दिवस युनिट टेस्टच्या पेपरांत गेला.

बुधवार, रात्री उशिरा

आज झोप घेतली. विषय म्हणून.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास. आमची सातवी बरोबर या दोन्हींच्या मधली. शाळा सातला भरते. म्हणजे साडेपाच-सहाला उठायचं आणि नऊ तास हवे असतील तर रात्री नऊला आडवं व्हायचं. नवी मुंबईच्या कोपरखैरण्यात रात्री नऊला? नऊला तर इथे भाजी फोडणीला पडते.

फेब्रुवारी 2024 मध्ये शिक्षण खात्याने परिपत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण दिलं होतं मुलांची झोप. उत्तम. पण पाचवीत गेल्यावर झोपेची गरज उरत नाही असं कुणी ठरवलं? उलट याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि झोप उशिरा यायला लागते. असो. परिपत्रकावर चिडून सात वाजताची घंटा काही पुढे जाणार नाही.

मुलांना नॉर्वेच्या फुटबॉलपटू हालांडचा चष्मा सांगितला. तो संध्याकाळनंतर निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावून बसतो. मुलांना लगेच तो चष्मा कितीला मिळतो हे हवं होतं. म्हटलं, फोन बाजूला ठेवलास तर चष्मा फुकट. त्यावर पहिल्या बाकावरचा म्हणाला, “मग चॅम्पियन्स लीग कशी बघणार? साडेबाराला लागते.” गंमत बघा. ज्या खेळाडूंच्या झोपेची मी उदाहरणं देतेय, त्यांनाच बघायला ही मुलं मध्यरात्री जागी! मग त्यांना सांगितलं की उशिराचा सामना झाला की खुद्द खेळाडूंनाही धड झोप लागत नाही, अंगात सामना चालूच असतो. पण त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रार्थनेला उभं राहायचं नसतं.

यानंतर जे झालं ते नीट लिहून ठेवते. खिडकीजवळ बसणारा मुलगा, कधी तोंड उघडत नाही. त्याचे वडील वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी आहेत. रात्री दोनला उठतात, अडीचला बाहेर. घर एका खोलीचं. दिवा लागला की सगळेच जागे, आई डबा करते, धाकटी रडते. मग पुन्हा झोप लागली तर लागली. त्याच्या रकान्यात ‘झोप’च्या पुढे दोन वेळा लिहिल्या होत्या: रात्री साडेदहा ते दोन, आणि तीन ते सहा. त्याखाली, लहान अक्षरांत: ‘दुपारी सगळे’.

“दुपारी सगळे म्हणजे?”

“पप्पा बाराला येतात. जेवून आम्ही सगळे झोपतो. तीनला मी ट्यूशनला.”

मँचेस्टर युनायटेड आणि रिआल माद्रिदसारख्या क्लबांबरोबर काम केलेले निक लिटलहेल्स म्हणून झोपेचे प्रशिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं असं की झोप दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये मोजावी, आणि रात्री फेरी बुडाली तर दुपारची डुलकी हिशेबात धरावी. रात्रीचा सामना असला की खेळाडू दुपारी पडदे लावून झोपतात. आणि इथे बोनकोड्याच्या एका खोलीत एक माथाडी कुटुंब गरजेपोटी नेमकं तेच करतंय. मी त्याचा रकाना फळ्यावर उतरवला, खेळाडूच्या रकान्याशेजारी. नाव नाही घेतलं, पण त्याला कळलंच. पोरगा मानेपर्यंत लाल झाला होता.

याचा अर्थ सगळं छान चाललंय असा अजिबात नाही. तुकड्या-तुकड्यांची झोप म्हणजे तुकडेच, आणि एका खोलीत दिवा न लावता डबा होत नाही. प्रशिक्षक, स्वयंपाकी, मालिशवाला, काळे पडदे, हे सगळं असताना शिस्त पाळणं आणि यातलं काहीच नसताना पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुटबॉलपटूंची दिनचर्या सांगणारे व्हिडिओ हा भाग गाळून टाकतात. मला वर्गात तो गाळायचा नाही. म्हणून आजपासून तिसरा रकाना: ‘माझ्या हातात काय’. दप्तर रात्री भरणं हातात आहे. फोन उशाखाली न ठेवणं बहुतेकांच्या हातात आहे. दुपारची झोप चारच्या आत आटोपणं, म्हणजे रात्रीची बिघडत नाही. ट्यूशनची वेळ मुलाच्या हातात नाही, पण ती घेणाऱ्या ताई माझ्या ओळखीच्या आहेत. पाचची बॅच असते त्यांची. फोन करायचाय.

शुक्रवार

आज पाणी. सोपा तास होईल असं वाटलं होतं.

जून 2021, बुडापेस्ट, युरो स्पर्धेची पत्रकार परिषद. रोनाल्डोने समोरच्या कोका-कोलाच्या बाटल्या बाजूला सरकवल्या, पाण्याची बाटली उचलून दाखवली आणि म्हणाला, ‘आगुआ’. हे सगळ्यांनाच माहीत होतं, दोघांनी बाकावर उभं राहून करून दाखवलं. कोलात 100 मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. छोट्या बाटलीएवढी चमच्याने मोजून ग्लासात ओतली, सहा चमचे भरले. मुलं ‘ईऽऽ’ म्हणाली. मधल्या सुट्टीत त्यातलेच दोघे गोळेवाल्यापाशी दिसले. चालायचंच.

मग सांगितलं की क्लबांच्या स्वच्छतागृहात भिंतीवर एक तक्ता असतो, लघवीच्या रंगाचा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. मुलगे हसून गडाबडा लोळले. मुली हसल्या नाहीत. ऑक्टोबरचा असा उकाडा की खडू हाताला चिकटतोय, आणि मुलींच्या बाटल्या अकरा वाजता भरलेल्याच्या भरलेल्या.

तास संपल्यावर तिघींना थांबवून विचारलं. एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने सांगितलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांपैकी एकाची कडी तुटलीय, दुसऱ्याला नळ नाही. एकीने आत जायचं आणि एकीने बाहेरून दार धरायचं. मैत्रीण गैरहजर असली तर जायचंच नाही. म्हणून पाणी प्यायचंच नाही. पाळीच्या दिवसांत तर शाळेतच यायचं नाही.

त्यांना पाणी पिण्याचं महत्त्व कळत नाही असं नव्हतंच. त्यांचा हिशेब पक्का होता.

मुख्याध्यापिकांना तिथूनच गाठलं. त्यांनी शिपाईमामांना बोलावलं. मामा म्हणाले, कडी आज बसवतो, नळाला प्लंबर लागेल. मामा सेक्टरमधल्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेऊन आले आणि शाळा सुटायच्या आत बसवलीसुद्धा. तक्रारवहीत कुणी लिहिलं असतं तर अर्ज, मंजुरी, दरपत्रकं.

शनिवार

मैदानाचा दिवस. आमचं मैदान म्हणजे सेक्टरचं मैदान, आणि नवरात्रीच्या मांडवाचे खिळे अजून जमिनीत. आधी ते वेचले. पीटीच्या सरांनी फिफाचा ‘11+ किड्स’ घेतला, सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठीचा सराव: इशाऱ्यावर थांबणं, एका पायावर उभं राहून चेंडू देणं, हात टेकवून अंग उचलणं, नीट पडायला शिकणं. पंधरा-वीस मिनिटांत होतो. युरोपातल्या चार देशांत मुलांवर अभ्यास झाला, तेव्हा त्याने दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या होत्या. आमच्याकडे एका पायावर उभं राहतानाच निम्मा वर्ग भेलकांडत होता. सर्वात स्थिर कोण, तर डोक्यावर हंडा घेऊन टँकरच्या रांगेतून चालणारी ती दोन नंबरच्या बाकावरची. तिला संघात घ्यायचं सरांनी जागेवरच ठरवलं.

पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं घाम येईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही आठवड्यातून ते साठ जमवतो, तेही मांडव नसेल तर.

मुली आधी कडेला उभ्या होत्या. त्यांना विचारलं, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये विश्वचषकाची फायनल झालीय, माहितीये का? आयपीएलची म्हणाल्या. नाही. 30 ऑक्टोबर 2022, सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. इथून लोकलने काही स्टेशनं. तुमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या मुली. एकीलाही माहीत नव्हतं. मुलग्यांनाही नाही, गोलकीपर धरून. तो जरा वरमला.

सोमवार

ट्यूशनच्या ताई हो म्हणाल्या. खिडकीवाला आता पाचच्या बॅचला जाईल. घरी विचारलंय का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, “पप्पा म्हणाले, बरं झालं, मला उठवायला कुणी राहील.”

डब्यांत तीन केळी, एक शेंगदाण्याचा लाडू आणि एक नाचणीची भाकरी दिसली. बाकी नेहमीचं. गोळीच्या आधी सगळ्यांनी काहीतरी खावं म्हणून मी ती मधल्या सुट्टीनंतर वाटली. पोट धरून आज एकच बसली, आणि तिने डबाच आणला नव्हता.

मुलींच्या बाटल्या रिकाम्या होतायत. त्यामुळे नवीनच भानगड झालीय. वापरता येणारं दार एक, दुसऱ्याच्या नळाचा अजून पत्ता नाही, आणि रांग जिन्यापर्यंत. चौथ्या तासाला अर्ध्या मुली दहा मिनिटं उशिरा. गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये ऐकवलं, “मॅडम, तुमच्या रोनाल्डोमुळे माझा तास जातोय.” जातोय खरा. उद्या मुख्याध्यापिकांना दोन गोष्टी विचारायच्या: प्लंबर कधी येणार, आणि तो येईपर्यंत मधली सुट्टी पाच मिनिटांनी वाढवता येईल का.