गुरुवारची नखं

लिमलेटवाल्या आजींच्या उजव्या अंगठ्याचं नख नेलकटरच्या तोंडात मावत नाही. शेळीच्या खुरासारखं जाड झालंय, पिवळं, टोकाला आत वळलेलं. पहिल्या गुरुवारी मी आपली पर्समधला छोटा नेलकटर घेऊन ऐटीत गेले आणि दुसऱ्याच दाबाला त्याचा दांडा वाकला. आजी खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पोस्टात शिक्के मारायला बरी होतीस तू."

मग त्यांनीच शिकवलं. मिशन दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात त्या चौतीस वर्षं आया होत्या, त्यामुळे शिकवताना आवाज आपोआप चढतो. आधी प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी. ते बोटानं नाही, कोपरानं बघायचं, कारण आजींना साखर आहे आणि त्यांच्या पावलांना ऊन-गार कळत नाही. पाच-सात मिनिटं पाय बुडवून ठेवायचे, मग जुन्या सुती साडीच्या फडक्यानं टिपायचे. घासायचे नाहीत. बोटांच्या बेचक्यांत फडक्याचं टोक घालून एकेक बेचकं कोरडं करायचं. "वल राहिली का चिखल्या झाल्याच समज." नख सरळ रेषेत कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. "कोपरा कोरला की रगत, आन् रगत आलं की मला दवाखाना." अंगठा एका घासात कापायचा नाहीच, उंदरासारखा कुरतडायचा, आणि शेवटी कानस. टाचेला खोबरेल, पण बेचक्यांत तेलाचा थेंब जाता कामा नये. दोन पायांना मिळून पाऊण तास जातो. नेलकटर आता मोठा घेतलाय, मेडिकलमधून.

हे काम माझ्याकडे आलं कसं, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात आजी मोरीत पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. मुलगा गुजरातेत कंपनीत आहे, पैसे वेळेवर पाठवतो. स्वयंपाकाला बाई आहे, ती दुपारी येऊन जाते. आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी वहीचं पान फाडलं, त्यावर वार आखले आणि सभेत फिरवलं. कुणी केस धुणं घेतलं, कुणी चादरी, कुणी औषधांच्या डब्या भरणं. पान माझ्यापर्यंत आलं तेव्हा दोनच रकाने रिकामे होते. एक, 'रविवार, उपासनेनंतर प्रार्थना'. दुसरा, 'गुरुवार, नखं'. मी प्रार्थनेवर नाव घालणार तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझ्याच हातातलं पेन घेऊन तिथं सही ठोकली.

असं माझं पाचारण झालं.

पाचारण म्हणजे देवानं सेवेला बोलावणं. हा शब्द आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जपून वापरतात. कुणी पाळक, म्हणजे धर्मगुरू, व्हायला निघाला, त्याचा दीक्षाविधी असला, की व्यासपीठावरून 'पाचारण' ऐकू येतं. 'ते सेवेत आहेत' म्हणजे ते पाळक आहेत. बाकी आम्ही सगळे पोस्टात, शाळेत, एसटीत. आम्हालाही कुणी बोलावलंय असं मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंही होतं. लहानपणी चर्चच्या शब्बाथशाळेत, देवानं रात्री हाक मारलेल्या बाल शमुवेलाची गोष्ट ऐकून मी दोन रात्री जागी पडून राहिले होते, आपल्याला हाक येते का बघायला. दुसऱ्या रात्री आली. आईची. नळाला पहाटे चार वाजता पाणी यायचं.

पाचारणाच्या जोडीला आमचा दुसरा लाडका शब्द 'कळवळा'. येशूच्या दाखल्यातल्या, म्हणजे बोधकथेतल्या, चांगल्या शोमरोन्याला वाटेवरचा जखमी माणूस दिसला, त्याला कळवळा आला आणि मग त्यानं पट्ट्या बांधल्या, जखमीला उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, नेलं. आधी कळवळा, मग काम, असा क्रम डोक्यात पक्का बसलेला. माझी पंचाईत अशी की टबाशी बसल्यावर मला कळवळा येत नाही. पहिले काही आठवडे चक्क किळस आली. नंतर कंटाळा. किती नखं झाली, किती राहिली, हे मोजत असते मी. कळवळा कधी येतोच असं नाही, आला तर साधारण डाव्या पायापर्यंत येतो.

शोमरोन्यावरून आठवलं. एकदा पाळकसाहेबांनी याच दाखल्यावर संदेश दिला आणि मी गुरुवारी तो आजींना थोडक्यात सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यानं पैसे दिले आन् दुसऱ्या दिवशी गेला. उतारशाळेतल्या माणसाचं काय? रात्री उठून पाणी कुणी पाजलं? अंथरूण कुणी बदललं? त्येचं कुणी नावच काढत नाही." चौतीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या बाईला तो दाखला दुसऱ्याच बाजूनं दिसतो, एवढं खरं.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची एक सहल जामखेडला गेली होती. नगरहून (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही) आष्टीमार्गे बसनं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं नाव आमच्या घरी लहानपणापासून. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेत शिकून परत आले आणि १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात बसले. त्यांना १९७९ साली मॅगसेसे मिळालं हे आम्हा नगरच्या ख्रिस्ती पोरांना पाढ्यासारखं पाठ. पण त्या कामाची खरी गंमत मला तिथं गेल्यावर कळली. डॉक्टरांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरची बाई खेड्यात एकटी राहीना, आणि तिचं ऐकणारंही कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. अशा बायका आल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणी दलित वस्तीतली, कुणी नवऱ्यानं टाकलेली. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन करायच्या. गरोदर बाईला तपासणं, स्वच्छ हातानं बाळंतपण, पोरांची वजनं, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखणं. १९७८ साली आल्मा-आटाच्या जागतिक परिषदेत प्राथमिक आरोग्याचं धोरण ठरलं, त्याच्या आधीच जामखेडचं काम जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोचलेलं होतं. आपल्याकडे आशाताई आल्या २००५ नंतर.

तिथं एका म्हाताऱ्या आरोग्यसेविकेशी आम्ही बोलत बसलो होतो. मी आपला ठेवणीतला प्रश्न विचारला: तुम्हाला सेवा करावी असं केव्हा वाटलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. गावानं नाव घातलं म्हणून आले, म्हणाल्या, घरचे तर नकोच म्हणत होते. आणि बोलता बोलता त्यांनी आमच्या सेक्रेटरीबाईंचा हात ओढून घेतला, बोटं उजेडाकडे फिरवून नखं पाहिली, मग डोळ्याची खालची पापणी ओढली. "पांढरी पडलीया. रगत तपासून घ्या बाई." परतल्यावर तपासलं तर हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. त्या सहलीतलं एवढंच आमच्या मंडळात अजून बोललं जातं. मॅगसेसेचं कुणी काढत नाही.

माझ्या वसईच्या मैत्रिणीला मी आजींच्या पायांचं सांगितलं तेव्हा ती फोनवर हसत सुटली. ते कॅथलिक. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतात, आमच्याकडे तो विधी नाही. ती म्हणाली, "अगं, ज्यांची नावं त्या बारात असतात ते घरून पाय घासून, नखंबिखं कापून येतात!"

आता एक गोष्ट, जी लिहायची नव्हती. फेब्रुवारीत पुतणीचं लग्न होतं, संगमनेरला, बुधवारी. मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत परत येणार होते. आले नाही, राहिले, गप्पा रंगल्या होत्या. नखंच तर आहेत, आठवडाभरानं काय बिघडतंय, असं म्हणून मी कुणाला कळवलंही नाही. शुक्रवारी सकाळी गेले. आजी खाटेच्या कडेला बसलेल्या, खाली टब. माझी वाट बघून आदल्या दुपारी त्यांनी स्वयंपाकाच्या बाईकडून टबात पाणी भरून घेतलं होतं, म्हणजे मी आले की लगेच सुरू करता येईल. ती निघून गेली. पाय उचलून खाटेवर घेण्याची ताकद नाही, टब ओढायची नाही, फोन खिडकीत. शेजारची मुलगी रात्री डबा द्यायला आली तेव्हा तिनं पाय बाहेर काढून पुसले. चार-पाच तास पाण्यात राहून ती पावलं पांढरीफटक पडली होती, म्हणे. डाव्या करंगळीच्या बेचक्यात कातडं सुटलं होतं. ती चिखली बरी व्हायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत मी रोज गेले. त्यात कौतुकाचं काही नाही, भीतीनं गेले.

आजी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "रात्रपाळीला कुणी यायची नसली तर आम्ही मेट्रनला आधी सांगायचो."

पुढच्या महिन्यात लेकीचं बाळंतपण आहे, मी दोन महिने पुण्याला असेन. या वेळी आधी सांगायचं म्हणून काल सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्हीच बघा कुणीतरी. मंडळीत नवीन एक सूनबाई आल्यात, बँकेत आहेत, सभेला मागच्या बाकावर बसतात आणि प्रार्थना संपायच्या आत निसटतात. त्यांना फोन लावला. आधी त्या गप्प, मग म्हणाल्या, "काकू, मला खरंच असलं काही जमत नाही हो. मला पाय बघूनच कसंतरी होतं."

"मलाही होतं," म्हटलं. "गुरुवारी साडेचारला या. येताना नेलकटर आणू नका, तिथं आहे."