शोभादर्शक, टप्पा दुसरा: ६० अंशांचा कोन जुळला

दोन आरशांच्या शोभादर्शकाचे (कॅलिडोस्कोपचे) आरसे जोडून झाले. नळीत बसवणं आणि काचेच्या तुकड्यांची डबी एवढं बाकी आहे. मापं अशी: ३ मिमी जाडीच्या आरशाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २०० × ४० मिमी, आणि तिसऱ्या बाजूला ४० मिमी रुंद मॅट काळी पट्टी.

दोन्ही आरशांचा ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला आहे. घरच्या आरशात तो मागे असतो. अशा आरशात समोरून पाहिलं तर काचेचा पुढचा पृष्ठभाग जेमतेम ४ टक्के प्रकाश परत पाठवतो, म्हणून दुसरी पुसट प्रतिमा डोळ्यांना जाणवत नाही. शोभादर्शकात मात्र किरण आरशाला जवळजवळ घासून जातात. २०० मिमी लांबीला आपतन कोन (किरण आणि आरशावरचा लंब यांच्यातला कोन) सहज ७० ते ८० अंशांवर पोचतो, आणि ८० अंशांना काचेचा तोच पृष्ठभाग ४० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परावर्तित करतो. मग एका तुकड्याच्या दोन कडा दिसतात आणि तिसऱ्या परावर्तनापर्यंत सगळं गढूळ होतं. शिवाय सांध्यावर काचेच्या जाडीची काळी रेघ येते ती वेगळीच.

पुढच्या बाजूला मुलामा असलेले आरसे भंगारातल्या जुन्या सीसीडी स्कॅनरमध्ये (आरसे आणि भिंगातून प्रतिमा सेन्सरवर नेणाऱ्या) किंवा झेरॉक्स मशीनमध्ये मिळतात. चपट्या सीआयएस स्कॅनरमध्ये सेन्सर कागदाला लागूनच असतो, त्यामुळे आरसा नसतोच. पट्टी अरुंद निघाली तर सगळी मापं त्याच प्रमाणात कमी करा. मुलामा कुठे आहे ते ओळखायला कागदाचं टोक आरशाला टेकवा. टोक आणि त्याची प्रतिमा एकमेकांना भिडली तर मुलामा पुढे, मध्ये फट दिसली तर मागे. ग्लास कटरची रेघ नेहमी मागच्या, कोऱ्या बाजूने मारायची.

आता कोन. कोनमापक इथे कामाचा नाही, काळ्या पट्टीची रुंदीच कोन ठरवते: रुंदी = २ × आरशाची रुंदी × अर्ध्या कोनाचा साइन. ४० मिमीच्या आरशांना ६० अंशांसाठी ४० मिमी, ४५ अंशांसाठी ३०.६ मिमी. ही मापं आतल्या, परावर्तन करणाऱ्या बाजूची धरायची. पट्टी ०.३ मिमीने चुकली की कोन सुमारे अर्ध्या अंशाने बिघडतो. अर्धा अंश किरकोळ वाटतो, पण वर्तुळात सहा भाग आहेत, त्यामुळे समोरच्या टोकाला तो ३ अंशांचा होतो.

तपासणी साधी आहे. पांढऱ्या कागदावर एक सरळ रेघ काढा आणि जोडणी तिच्यावर उभी ठेवा, रेघ दोन्ही आरशांना सांध्यापासून सारख्या अंतरावर भेटेल अशी. वरून पाहिलं की षटकोन दिसतो. तुमच्या रेघेच्या बरोबर समोरची बाजू न्याहाळा, कारण तिचा अर्धा भाग एका आरशातून येतो आणि अर्धा दुसऱ्यातून. मधोमध ती केंद्राकडे मोडलेली दिसली तर कोन मोठा, बाहेरच्या बाजूला टोक आलं तर कोन लहान. मोठा असेल तर काळी पट्टी पॉलिश पेपरवर घासा. लहान असेल तर कडेला कागदी टेपचा एक थर द्या. ही बाजू सरळ होईपर्यंत पुढे जाऊ नये, तिथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

मग रेघेऐवजी ‘क’ लिहा. शेजारच्या दोन प्रतिमांत तो उलटा, त्यापुढच्या दोन्हींत सुलटा पण १२० अंशांत फिरलेला, आणि समोर पुन्हा उलटा. प्रत्येक परावर्तनाला डावं-उजवं बदलतं. म्हणूनच ७२ अंशांचा कोन घेऊ नका. ३६० भागिले कोन, वजा १, या शाळेतल्या सूत्राने चार प्रतिमा बरोबर येतात, पण समोरच्या सांध्यावर दोन सुलट्या प्रतिमा शेजारी येतात आणि नक्षी तुटते. भागाकार सम आला पाहिजे: ६०, ४५, ३६, ३०.

१८१७ साली या यंत्राचं पेटंट घेणाऱ्या डेव्हिड ब्रूस्टरच्या आणखी दोन अटी पुढच्या टप्प्यात पाळायच्या आहेत. डोळा आरशांच्या सांध्याला शक्य तितका जवळ हवा, म्हणून ६ मिमीचं भोक नळीच्या मध्यावर न पाडता सांध्याला लागून पाडू. आणि तुकडे आरशांच्या टोकाला जवळजवळ टेकलेले हवेत, म्हणून डबीच्या आतल्या बाजूला जाड ॲक्रिलिकऐवजी ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पातळ पारदर्शक शीट). डबीची खोली ५ ते ६ मिमी पुरे. आत काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एक तृतीयांश भरतील इतकेच, नाहीतर ते ढळत नाहीत.

नळी ७५ मिमीची पीव्हीसी, उरलेल्या जागेत फोम. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन आत वापरायचं नाही, त्यातलं आम्ल मुलामा खातं. आरशावर धूळ बसली तर ब्लोअरने उडवा, कापडाने पुसू नका.