सरांचा तिसरा रकाना

महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आले ते आमचे इतिहासाचे सरच. मैदान, स्नेहसंमेलन, प्रार्थनेची घंटा यांवर बाकीचे लिहितीलच.

ख्रिस्ती इतिहास शिकवताना सर फळ्यावर चार रकाने आखत: साल, काय घडलं, कुठे चुकलं, आज आपण काय करायचं. बायबलचं वचन सगळ्यात शेवटी. ते आधी लिहिलं की मुलं घटना वचनाला जुळवून घेतात आणि अडचणीचं गाळतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तिसरा रकाना रिकामा दिसला की वही परत.

मिशनरी विल्यम कॅरींचा मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. काम प्रचंड, पण मुंबईकडच्या वाचकांना ती मराठी जड गेली. अमेरिकन मिशनने नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये आपला नवा करार काढला. चौथ्या रकान्यात सर लिहायला लावत: धडा आधी पाचवीतल्या मुलाला वाचून दाखवा, तो जिथे अडेल ते वाक्य बदला.

एका तासाला सरांनी नागपूरजवळच्या सिलेवाड्याचा दगड आणला होता. धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने झटकायचा, खिडकीशी तिरप्या उजेडात धरायचा. मग जिभेच्या आकाराचं पान दिसायचं, मधली ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना जाळी. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचं, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचं. मग बायबलमधल्या उत्पत्तीच्या सहा दिवसांचं काय, असं एका मुलाने विचारलं. सर त्याला गप्प करू शकले असते. त्यांनी स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल सांगितलं. १८४५ मध्ये नागपुरात आले, १८४६ मध्ये शाळा काढली, मराठी शिकले, गोंडांचे शब्द टिपले, इथले जीवाश्म गोळा केले आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाले. मग बायबलच्या स्तोत्र १११ मधलं दुसरं वचन. देवाच्या कृत्यांचा शोध घेणं ही भक्तीच आहे, एवढं सांगून त्यांनी त्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा तिसऱ्या रकान्यात उतरवून घेतला. असा शिक्षक मी पुढे कुठे पाहिला नाही.

बायबलच्या तासाबाबतही ते काटेकोर. १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणधोरणात, अनुदान आणि धर्मशिक्षण वेगळं ठेवलं आहे, पुढे राज्यघटनेच्या कलम २८ ने अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षणात भाग घ्यायला अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती आवश्यक केली, हे ते नीट समजावत. म्हणून जूनमध्येच संमतीपत्रं, बायबलचा तास वेळापत्रकात वेगळा आणि त्याला गुण नाहीत. सक्तीच्या तासाला आलेलं मूल वचन पाठ करतं आणि शाळा सुटली की विसरतं, असं ते म्हणत.

आता शब्बाथ शाळांत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गांत, तयार स्लाइड्स येतात. नावं, सालं, प्रश्नमंजुषा, बक्षीस. कुठे चुकलं हा भागच गेला आहे, आणि पहिला अवघड प्रश्न आला की आपली मुलं गोंधळतात. माझ्या वर्गात मी चारही रकाने ठेवले आहेत. ४५ मिनिटांत एकच घटना, शेवटची १५ मिनिटं चौथ्या रकान्याला. ती अपुरी राहिली तर पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात, नवी घटना नाही.