बैलाचा गुडघा आणि आपले मनगट

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या मानेवर हळद-तूप चोळताना वशिंड तळव्याखाली हलते, कारण त्यात हाड नसून स्नायू आणि चरबी असते. बैलाला हासळीचे (आपल्या गळ्याखाली खांद्यापर्यंत जाणारे) हाडच नसते. त्यामुळे पुढचे दोन्ही पाय धडाशी सांध्याने नव्हे, तर केवळ स्नायूंनी जोडलेले असतात आणि छाती त्यांच्यामध्ये झोळीसारखी टांगलेली राहते. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, तो खरे तर मनगटाचा सांधा आहे (बोलीतली ही चूक मला तरी सुधारावीशी वाटत नाही). त्याखालची नळी म्हणजे तळहाताची तिसरी आणि चौथी हाडे एकजीव होऊन बनलेले हाड. स्वच्छ केलेल्या नळीवर पुढच्या बाजूने त्या जोडाची उभी खाच नखाला लागते. खालच्या टोकाशी मात्र ते पुन्हा दुभंगते, म्हणूनच खूर दोन.