एका शिडाच्या बोटीसाठी एवढ्या गाड्या का थांबतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भारतातून सिअ‍ॅटलला आलेले मामा-मामी, आत्या, इथे नुकतीच नोकरीला लागलेली मुलं, सगळे फ्रीमाँटच्या पुलापाशी गाडी थांबली की हेच विचारतात. "बस भरून माणसं खोळंबलीत आणि एका हौशी माणसाच्या बोटीसाठी पूल उघडतात? हे कुठलं शहाणपण?" मी पुलांच्या आराखड्यांचं काम करते, त्यामुळे उत्तर माझ्याकडूनच हवं असतं. पण पूल मिटेपर्यंत त्यातलं निम्मंही सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

अमेरिकेत ज्या पाण्यातून बोटी जाऊ शकतात तो सगळ्यांचा सामायिक मार्ग मानला जातो आणि त्यावरचा पूल तिथे परवानगीने उभा असतो. पूल शहराचा, पैसा शहराचा, माणसं शहराची, तरी तो कुठे आणि किती उंच बांधायचा हे एकटं शहर ठरवू शकत नाही. उघडणारा पूल असेल तर कधी उघडायचा हेही नाही. शेवटचा शब्द केंद्र सरकारचा आणि ते काम आज कोस्ट गार्डकडे, म्हणजे अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे आहे.

फ्रीमाँटचा निळा-नारिंगी पूल १९१७ सालचा, पाण्यापासून जेमतेम ३० फुटांवर. शिडाच्या बऱ्याचशा बोटींची डोलकाठी त्याहून उंच असते. बोटवाला भोंगा देतो, एक लांब आणि लगेच एक आखूड. वरच्या खोलीतला ऑपरेटर तसाच भोंगा देऊन होकार कळवतो. लगेच उघडता येत नसेल तर पाच आखूड भोंगे. हे संकेत केंद्राच्या नियमावलीत लिहिलेले आहेत. तुम्हाला दिलासा वाटावा असंही एक कलम तिथेच आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात, सुट्टीचा दिवस नसेल तर, हजार टनांखालच्या बोटींसाठी हा पूल उघडावा लागत नाही. ऑफिसला जाणाऱ्यांचाही विचार झालेला आहे. मात्र शहराला वाटलं म्हणून हे तास वाढवता येत नाहीत. त्यासाठी कोस्ट गार्डकडे अर्ज करायचा, मग जाहीर सूचना निघते आणि लोकांची मतं मागवली जातात.

हा अधिकार केंद्राकडे कसा गेला ते व्हीलिंगच्या भांडणात नीट दिसतं. ओहायो नदीवर, तेव्हाच्या व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी, चार्ल्स एलेट या इंजिनिअरने १८४९ मध्ये झुलता पूल बांधला. एकच गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग), हजार फुटांहून थोडा लांब, त्या काळातला जगातला सर्वात मोठा. व्हर्जिनियाची परवानगी होती. पण नदीच्या वरच्या अंगाला पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग होतं आणि तिथे जाणाऱ्या आगबोटींची धुरांडी चांगलीच उंच. नदीला पाणी चढलं की मोठ्या बोटी पुलाखालून जाईनात. एका राज्याने आपल्या हद्दीत पूल बांधला आणि दुसऱ्या राज्याचा धंदा अडला. पेनसिल्व्हेनियाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १८५२ मध्ये निकाल लागला: पूल हा अडथळा आहे, नदीच्या किमान पातळीपासून १११ फूट उंच करा, नाहीतर काढा.

व्हीलिंगवाले मग काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे गेले. काँग्रेसने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा करून हा पूल वैध आणि टपालमार्गाचा भाग असल्याचं जाहीर केलं, आणि बोटींनीच आपली धुरांडी पुलाला लागणार नाहीत अशी ठेवावीत असं वर बजावलं. १८५४ च्या मे महिन्यात वादळाने पूलच पाडला, तो पुन्हा उभा राहिला, आणि १८५६ मध्ये न्यायालयानेही मान्य केलं की हा निर्णय काँग्रेसच्या हातातला आहे. आजही नियम आहे की बोटीवरची उंच अँटेना किंवा तत्सम काही खाली करता येत असेल, तर तेवढ्यासाठी पूल उघडायला लावायचा नाही. मला हा नियम फार आवडतो. बोटवाल्यालाही त्यात आपला वाटा उचलावा लागतो.

त्याच १८५६ मध्ये मिसिसिपीवरच्या पहिल्या रेल्वेपुलाला, रॉक आयलंडला, 'एफी आफ्टन' ही आगबोट धडकली. बोट जळाली, पुलाचा एक गाळाही गेला. पुढच्या वर्षी शिकागोत खटला चालला तेव्हा रेल्वेच्या बाजूच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. नदीतून उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना जेवढा हक्क, तेवढाच ती ओलांडून पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना, असा त्यांचा मुद्दा होता. ज्यूरीचं एकमत झालं नाही. व्हीलिंगच्या खटल्यात बोटींची बाजू मांडणारे एडविन स्टँटन पुढे याच लिंकन यांचे युद्धमंत्री झाले.

पुढचा कायदा भराभर सांगते. १८९९ च्या नद्या आणि बंदरांच्या कायद्याने पूल बांधण्याआधी केंद्राची मंजुरी सक्तीची केली. तांत्रिक तपासणी लष्कराचे इंजिनिअर करत. १९४६ मध्ये काँग्रेसने सरसकट संमती देऊन ठेवली, म्हणजे दर पुलासाठी वेगळा कायदा करायची गरज उरली नाही. १९६७ मध्ये परिवहन खातं सुरू झालं तेव्हा हे काम लष्कराकडून कोस्ट गार्डकडे आलं. "किनाऱ्यावर पहारा देणाऱ्यांचा पुलाशी काय संबंध?" हा तुमचा दुसरा आवडता प्रश्न. दिवे, बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), जहाजांची सुरक्षितता हे सगळं त्यांच्याचकडे आहे आणि पुलाच्या खांबांवरचे तांबडे दिवेही त्याच नियमांखाली येतात.

पुलाची उंची हा त्यातला सगळ्यात कठीण भाग, कारण ती एकदाच ठरते आणि पुढे शंभर वर्षं पुरवावी लागते. न्यूयॉर्कजवळचा बेयॉन पूल १९३१ चा, पाण्यापासून १५१ फूट. बांधला तेव्हा ही उंची भरपूर होती. पनामा कालवा रुंद करायचं ठरलं, कंटेनरची जहाजं वाढली, आणि ती या पुलाखालून नेवार्कच्या बंदरात जाईनात. शेवटी कमान तशीच ठेवून रस्ता वर चढवला आणि २०१७ मध्ये २१५ फूट मोकळे झाले. तेही गाड्यांची वाहतूक चालू ठेवून. आमच्या व्यवसायातलं हे अतिशय देखणं काम आहे.

बाल्टिमोरच्या पुलाच्या अपघाताचं विचारता तेव्हा तुमच्या आवाजात काळजी असते, कारण 'डाली' जहाजावर बहुतेक खलाशी आपल्याकडचे होते आणि अपघातानंतर कित्येक आठवडे ते जहाजावरच अडकले होते. २६ मार्च २०२४ ला जहाजाची वीज गेली, ते तिथल्या 'फ्रान्सिस स्कॉट की' पुलाच्या खांबावर आदळलं, आणि रात्री पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. तिथे उंची कमी पडली नव्हती. १८५ फूट होती. कमी पडलं ते खांबांचं संरक्षण. जहाजाच्या धडकेचा हिशेब करणं नव्या पुलांना १९९४ पासून सक्तीचं झालं आणि हा पूल १९७७ चा. जुन्या पुलांचा तसा हिशेब फारसा कुणी मांडलाच नाही, याचा मला राग येतो. नवा पूल २३० फूट उंचीचा ठरला आहे.

हल्ली एक वेगळा प्रश्न येतो: "उघडणारे पूल बांधताच कशाला? उंच बांधून मोकळे व्हा." फ्रीमाँटच्या शेजारीच १९३२ चा अरोरा पूल आहे, खूप उंच, खालून डोलकाठ्या बिनधास्त जातात. पण उंच पुलाला चढही लांब लागतो, किनाऱ्यावरची घरं-दुकानं त्याखाली येतात, आणि पायी जाणाऱ्याला पाण्याच्या कडेहून कडेला जायचं तर त्याचा उपयोग नाही. पोर्टलंडजवळ कोलंबिया नदीवर आय-५ महामार्गाचा जुना पूल उचलला की १७८ फूट मिळतात. त्याजागी ११६ फुटांचा, न उघडणारा पूल बांधायची योजना होती. वरच्या अंगाला पोलादाचे अजस्र सांगाडे बनवणारे कारखाने होते, त्यांचा माल त्याखालून जाणार नव्हता. कोस्ट गार्डने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, कारखान्यांना कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यायचं ठरलं, आणि २०१३ मध्ये परवाना निघाला. मला हे रास्त वाटतं. पुलाची खरी किंमत काढायची तर नदीवर पोट असणाऱ्यांचं नुकसान त्यात धरायलाच हवं. पुढे राज्यांकडून पैशांचा मेळ बसला नाही आणि २०१४ मध्ये ती योजना गुंडाळली गेली.